बेलिफकाकांचा कब्जा

पनवेलच्या आमच्या घरमालकांनी आम्हाला दोनदा सामानासकट घराबाहेर काढलं आणि दोन्ही वेळा आम्ही रस्त्यावर बसलेलो असताना स्वतःच्या हाताने पुरीभाजी वाढली. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हळहळतो आणि मग माझ्याकडेच संशयाने बघायला लागतो. त्याचंही काही चुकत नाही. ज्याने बेलिफकाकांना पाहिलेलं नाही त्याला ही गोष्ट पटवणं अवघड आहे.

बेलिफकाका म्हणजे कोर्टातले निवृत्त बेलिफ. लोकांच्या घरी जाऊन समन्स बजावायचं, जप्ती करायची, आणि कोर्टाने घर खाली करायचा हुकूम दिला की वॉरंट घेऊन जायचं, आतल्या माणसांना बाहेर काढायचं आणि मालकाला कब्जा मिळवून द्यायचा. कर्जत, पेण, उरण, पनवेल अशी फिरून त्यांनी ही नोकरी बत्तीस वर्षं केली. निवृत्तीच्या पैशातून वडाळे तलावाच्या मागच्या गल्लीत घर बांधलं. तळमजल्यावर स्वतः एकटे, वरच्या दोन मजल्यांवर चार बिऱ्हाडं. म्हणजे जन्मभर भाडेकरूंना बाहेर काढणारा माणूस म्हातारपणी स्वतःच भाडेकरू ठेवून बसला होता, आणि या गोष्टीचा त्यांनी चांगलाच धसका घेतला होता.

आम्ही त्यांच्यापर्यंत पोचलो ते सगळीकडून हात टेकल्यावर. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. सुहास, म्हणजे माझा नवरा, तळोज्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये, आणि मी पनवेलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला. राहायला कामोठ्यात सुहासच्या मित्राच्या घरातली एक खोली. मित्र म्हणायचा, "राहा रे, किती दिवस पण राहा," आणि मित्राची बायको रोज थोडं थोडं कमी बोलायची. दर रविवारी आम्ही स्कूटर काढायचो. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, पार तळोज्याचे टॉवर. प्रत्येक ठिकाणी एक एजंट गॉगल लावून उभा. "फॅमिली छोटी ना? व्हेज ना? आईवडील येऊन राहणार नाहीत ना?" एकाने तर खिडकी उघडून लांबवर नव्या विमानतळाच्या कामाची उडणारी धूळ दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, एअरपोर्ट व्ह्यू!" भाड्याचा आकडा सुहास स्कूटर स्टँडवर लावेपर्यंत कानावर पडायचा आणि तो तसाच स्टँड परत काढायचा. या भागात दोन पगारांच्या माणसाला दोन खोल्या मिळू नयेत म्हणजे काय, म्हणून मी चिडायचे. चिडून भाडं कमी होत नाही हे मला चार रविवार गेल्यावर कळलं.

पाचव्या रविवारी तलावाच्या मागच्या गल्लीत एका कुंपणाच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक टाईप केलेला कागद दिसला. "जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की सदर मिळकतीतील पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या भाड्याने देणे आहेत. इच्छुकांनी सकाळी आठ ते दहा या वेळेत समक्ष हजर राहावे. एजंट तसेच सोफासेट बाळगणारे इसम यांनी तसदी घेऊ नये."

आमच्याकडे सोफासेट नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी आठ वाजता समक्ष हजर राहिलो.

दार काकांनीच उघडलं. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात कायम बूट, घरातसुद्धा. बत्तीस वर्षं लोकांनी अंगावर कुत्री सोडल्यामुळे चपलेचा भरवसा वाटत नाही, असं नंतर त्यांनीच सांगितलं. त्यांनी आमची जात विचारली नाही, व्हेज की नॉनव्हेज विचारलं नाही. फक्त विचारलं, "नग किती?"

"कसले नग?" सुहासने विचारलं.

"सामानाचे. तुमच्या घरात एकूण वस्तू किती?"

हा प्रश्न आम्हाला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आम्ही बोटांवर मोजायला लागलेलं बघून त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पॅड, कार्बन पेपर घेऊन थेट कामोठ्याला आले. मित्राच्या घरात उभं राहून त्यांनी मोठ्याने बोलत यादी केली. "लोखंडी कॉट, एक. गादी, एक. कुकर, एक, शिट्टी ढिली." मित्राच्या बायकोची खात्रीच पटली की आमच्यावर जप्ती आली. त्या दिवशी तिने आम्हाला आपणहून दोनदा चहा दिला.

यादी संपल्यावर काकांनी पेनाला टोपण लावलं. "दोन तासांत निघेल. घर तुमचं." भाडं सांगितलं ते बाहेरच्या निम्मं होतं. मी सुहासला चिमटा काढला, कारण त्याचा चेहरा असा काही फुलला होता की काकांनी विचार बदलला असता.

अट मात्र होती. करार सगळीकडे असतो तसा अकरा महिन्यांचा. हल्ली तो ऑनलाइन होतो. लॅपटॉप घेऊन माणूस घरी येतो, अंगठा लावायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, झालं. काकांनी तेही रीतसर करून घेतलं, पण त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "अंगठ्याने कागद होतो, कब्जा होत नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्या मते अकराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी आठ ते दहा या दोन तासांत भाडेकरूने घरातली एकूण एक वस्तू उंबऱ्याबाहेर काढून खाली रस्त्यावर आणली पाहिजे. खिळा राहिला तर चालेल, खिळ्यावरचं कॅलेंडर नाही. आत माणूस तर नाहीच नाही. मग काका रिकाम्या खोल्यांतून बूट वाजवत फिरणार, पंचनामा लिहिणार, दोन पंच सह्या करणार. त्यानंतर जेवण, चार वाजता त्याच भाड्याने नवा करार, आणि सामान परत वर. दहाच्या आत घर रिकामं झालं नाही तर नवा करार नाही.

आमच्या दवाखान्यात एक वकील चष्म्याचा नंबर काढायला यायचे. मी त्यांना विचारलं, की कायद्यात असं काही आहे का? ते इतके हसले की डॉक्टरांना नंबर परत तपासावा लागला. कायद्यात नसेल, पण आमच्या घरात होतं, आणि त्या भाड्यात आम्हाला पनवेलमध्ये दुसरा कोपरासुद्धा मिळाला नसता.

बरं, हे सगळं गमतीचं म्हणून सोडून द्यावं तर तसंही नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर बँकेत काम करणारे एक गृहस्थ राहत होते. ते म्हणाले, "हा काय पोरखेळ? मी एक चमचा हलवणार नाही." काका भांडले नाहीत. आवाजही चढवला नाही. करार केला नाही, एवढंच. पंधरा दिवसांची मुदत दिली, स्वतः फिरून त्यांना खांदा कॉलनीत घर शोधून दिलं, टेम्पोत सामान चढवताना दोऱ्या आवळून दिल्या. त्या गृहस्थांची मुलगी शाळा लांब पडणार म्हणून रडत होती. काका तिच्याशेजारी पायरीवर बसले, तिला गोळ्यांचा पुडा दिला, तिचे डोळे पुसले, आणि निर्णय बदलला नाही. ते बघून मी त्या दिवशी घरात आणायचं ठरवलेलं मिक्सरचं नवं भांडं आणलं नाही.

एरवी काका म्हणजे आम्हा चार बिऱ्हाडांची रोजची करमणूक होती. ते बेल कधी वाजवायचे नाहीत. दारासमोर ताठ उभं राहून कोर्टातल्यासारखा पुकारा करायचे. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, "वय वर्षे अठ्ठावीस, धंदा नोकरी, राहणार सदर!" असा तीन वेळा. पाणी आलंय एवढंच सांगायचं असायचं, पण माझं वय मात्र सगळ्या गल्लीला पाठ झालं होतं. माझ्या वाढदिवसाला सकाळी उठल्या उठल्या त्यांनी "वय वर्षे एकोणतीस" असा पुकारा केला आणि खाली निघून गेले. त्यांच्या परीने त्या शुभेच्छा होत्या.

कुठलीही जागा ते चतुःसीमेनेच सांगत. मी एकदा विचारलं, "काका, शिडी कुठंय हो?" तर म्हणाले, "पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस हिराबाईंची वाळत घातलेली मासळी, दक्षिणेस भिंत, उत्तरेस मोकळी जागा. या चतुःसीमेच्या आत." शिडी समोरच दिसत होती.

हिराबाई म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या. उरणच्या कोळीण, नवरा बंदरावर कामाला आणि या पनवेलच्या बाजारात मासे विकायच्या. काकांच्या त्या कायमच्या पंच. दुसरे पंच कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले गुप्ताजी. काकांना पंचनाम्याशिवाय चैन पडत नसे, त्यामुळे या दोघांना महिन्यातून दोनदा तरी सहीसाठी बोलावणं यायचं. एकदा गच्चीवरचे हिराबाईंचे बोंबील मांजराने पळवले. काकांनी जागेवर जाऊन पाहणी केली आणि लिहिलं, "सदर मांजर काळ्या रंगाचे असून पंचांसमक्ष पळून गेले. नाव-गाव सांगण्यास नकार दिला." हिराबाईंनी सही केली आणि विचारलं, "मंग माजं बोंबील कवा भेटतील?" काका म्हणाले, "तो अधिकार माझा नाही."

गुप्ताजी दर वेळी विचारायचे, "साहब, साइन किधर करायचा?" आणि दर वेळी त्याच जागी करायचे.

आमचा पहिला कब्जा अगदी सहज पार पडला. सामानच नव्हतं. सव्वानऊला घर मोकळं झालं. रस्त्यावर आमची कॉट, कॉटवर आम्ही दोघं, समोरून जाणारे लोक थबकून बघतायत, एका आजीने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि "होईल गं सगळं चांगलं" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेवढ्यात काका पातेलं घेऊन आले आणि वाढायला लागले. पुऱ्या त्यांनी पहाटे उठून स्वतः तळलेल्या. त्या जरा जाड असायच्या, भाजी मात्र उत्तम.

दुसऱ्या वर्षी गोंधळ झाला, आणि तो माझ्या वडिलांमुळे. मुलीला लग्नात कपाट द्यायचं राहून गेलं ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. त्यांनी साताऱ्याहून टेम्पोत घालून एक भलंमोठं लोखंडी कपाट पाठवून दिलं. आधी कळवलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे माहीत असल्यामुळे त्यांनी कळवलं नाही. काकांनी टेम्पोतून उतरणारं कपाट पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मला पुढे आठ महिने ऐकू येत होतं.

कब्जाच्या दिवशी बाकी सामान भराभर खाली गेलं. काका नेहमीप्रमाणे रस्त्यावर खुर्ची टाकून प्रत्येक वस्तूची नोंद करत बसले होते. कपाट शेवटी ठेवलं होतं. साडेनऊला चौघांनी हात लावला, पण ते जागचं हललं नाही. आत सगळ्या साड्या, भांड्यांचा सेट, सुहासची इंजिनिअरिंगची पुस्तकं. ते रिकामं करायला हवं होतं, आणि ते कुलूपबंद मीच केलं होतं, नेताना दार उघडू नये म्हणून. चाव्या कुठं ठेवल्या ते आठवेना. सुहास माझ्याकडे बघायला लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो काहीही न बोलता इतका वेळ माझ्याकडे बघत होता.

मी धावत खाली गेले. "काका, चाव्या दिसल्या का कुठे?"

काकांनी यादीचं पहिलं पान उघडलं. "नोंद क्रमांक एक. लाकडी पाट, दोन."

"काका, पाट नको, चाव्या!"

"क्रमाने वाचायचं असतं. नोंद क्रमांक दोन. चटई, एक, कडेला उसवलेली."

वीस नोंदी मी तशाच ऐकल्या. हिराबाई वरच्या कठड्यावरून ओरडत होत्या, "अवो काका, जरा बिगीबिगी वाचा, पावने दा झालं!" एकविसाव्या नोंदीला काका थांबले. "निळी बादली, एक. बादलीत पितळी डबा, एक. डब्यात चाव्या, नग तीन." मी ढिगाऱ्यात शिरले. बादली सगळ्यात खाली होती. मग साड्या कठड्यावरून खाली, पुस्तकं जिन्यावरून खाली, आणि हिराबाई, गुप्ताजी, सुहास आणि वरच्या मजल्यावरचा एक जण, सगळ्यांनी मिळून होडी किनाऱ्याला ओढतात तशी आरोळी ठोकत कपाट उंबऱ्याबाहेर काढलं. दहाला तीन मिनिटं कमी होती. काकांनी घड्याळ बघून तशी नोंद केली आणि आत पुऱ्या आणायला गेले.

त्या दिवशी जेवताना मी अजून तणतणत होते. म्हटलं, "काका, तुम्हाला आमची दया येत नाही का हो?"

काका पुरी वाढता वाढता थांबले. म्हणाले, "कर्जतला एका घरी कब्जा घ्यायला गेलो होतो. बाई पोळ्या लाटत होती. मी तव्यावरची पोळी होईस्तोवर थांबलो. मग दुसरी. कणीक संपेस्तोवर थांबलो. मालकाचा वकील ओरडत होता. वॉरंटात पोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं." हातातली पुरी माझ्या ताटात टाकून म्हणाले, "पण कणीक संपल्यावर काढलं बाहेर. काढावंच लागलं. ती बाई रस्त्यावर आपल्याच भांड्यांकडे अशी बघत होती, की जणू कुणा दुसऱ्याची आहेत. लोक गोळा झालेले. बत्तीस वर्षांत अशी किती घरं. सगळ्यांना वाटायचं आपल्यावर ही वेळ कधी येणार नाही. तुम्ही वर्षातून एकदा रस्त्यावर बसून हसत जेवता. तुम्हाला आता कुणी रस्त्याचं भय दाखवू शकणार नाही."

मी तणतणायची थांबले. भाजी परत मागून घेतली. त्या दिवसापासून मला काकांचा राग येईनासा झाला, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायला लागले.

तरी तिसऱ्या वर्षी माझी झोप उडाली. मी बाळंतपणाला साताऱ्याला जाणार होते, पण मुलगी तीन आठवडे आधीच आली, इथेच पनवेलच्या दवाखान्यात. वजन कमी. डॉक्टरांनी बजावलं, की दीड महिना बाळाला घराबाहेर काढायचं नाही, धूळ नको, गर्दी नको, ऊब राहिली पाहिजे. माझी आई गावाहून आली. चौथ्या दिवशी आम्ही बाळ घेऊन घरी आलो, आणि सुहासने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. कब्जाची तारीख बाळाच्या अकराव्या दिवशी येत होती.

सुहास काकांकडे गेला. म्हणाला, "काका, महिनाभर पुढे ढकला."

"बेलिफाला तारीख बदलता येत नाही. तारीख कोर्ट देतं."

"इथे कोर्ट कुठंय काका?"

काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आठ वाजता येतो," म्हणाले.

मग हिराबाई गेल्या. त्यांचा आवाज आम्हाला वर ऐकू येत होता. "पोर कच्चं हाय, काका! जरा डोकं वापरा!" आणि काकांचं उत्तर, "डोकं वापरणं बेलिफाचं काम नाही, बाई. ते जज्जसाहेबांचं."

तोवर घरभाडी कुठल्या कुठे गेली होती. विमानतळाच्या नावाने जुन्या चाळीतल्या खोलीचासुद्धा भाव वधारला होता. सुहासने आठवडाभर रोज ड्यूटी सुटल्यावर घरं बघितली. परवडेल असं म्हणावं असं एकच सापडलं, तळोज्यात, अठराव्या मजल्यावर, आणि तेही आमच्या भाड्याच्या दुप्पट. पाणी टँकरचं. संध्याकाळी कारखान्यांचा वास येतो म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात, असं शेजारच्यांनीच सांगितलं. काका आम्हाला हाताला धरून बाहेर काढणार नव्हते, बँकवाल्यांना दिली तशी पंधरा दिवसांची मुदत दिली असती. पण पंधरा दिवसांनी माझी मुलगी सव्वीस दिवसांची झाली असती आणि तिला त्या बंद खिडक्यांच्या घरात न्यावं लागलं असतं. बाळाचं वजन आणि त्या घराचं भाडं, या दोन आकड्यांखेरीज त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी आईला म्हणाले, "मी बाळाला घेऊन रस्त्यावर बसते दोन तास. होईल ते होईल." आई म्हणाली, "बसून तर बघ, तंगडी मोडून ठेवीन तुझी."

तो दिवस उजाडला. मी आतल्या खोलीत बाळाला छातीशी धरून बसले होते. बरोबर आठला जिन्यावर बूट वाजले. पुकारा झाला. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय वर्षे एकतीस. एकदा, दोनदा, तीनदा. मी बाळाचं दुपटं आणखी घट्ट गुंडाळलं. सुहास बाहेरच्या खोलीत टेबल उचलत होता. "काका, निदान सामान तरी काढतो. बाळ आणि ही, दोघी तेवढ्या आत राहू द्या."

"कशाला हात लावू नका," काका म्हणाले. "तुम्ही पण आत व्हा."

त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. कडी वाजली. त्यापाठोपाठ कुलपाचा खटका ऐकू आला.

"अगं बया!" आई उठून उभी राहिली. "कोंडलं की गं ह्यांनी आपल्याला!"

सुहासने दारावर थाप मारली. "काका, काय चाललंय?"

"आवाज नको. बजावणी चालू आहे," बाहेरून उत्तर आलं, आणि मग पॅडची पानं फडफडली. काका लिहिताना मोठ्याने बोलतात हे मी सांगितलंच आहे. "आज रोजी सकाळी आठ वाजता खालील पंचांसह सदर घरी समक्ष गेलो असता, दारास बाहेरून कुलूप आढळून आले. पंचांनी कुलूप ओढून खात्री केली. ओढा."

कुलूप खडखडलं. "हाय, पक्कं हाय," हिराबाई म्हणाल्या.

"पर साहब, ताला तो अभी आपनेच..." गुप्ताजींनी सुरुवात केली.

"पंचांना जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं."

सुहासने थाप मारायला उचललेला हात खाली घेतला. त्याच्या आधी मला कळलं होतं की त्याच्या नंतर, कोण जाणे. घराला कुलूप आहे असं लिहिलं की वॉरंट परत जातं, आणि आतल्या माणसांना कुणी हात लावू शकत नाही. कुणाची दया आली की उघड्या दारात उभं राहून असं लिहिणारे बेलिफ असतात म्हणे. काकांनी बत्तीस वर्षांत एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. ती आजही लिहायला लागू नये, म्हणून ते घरातून कुलूप घेऊन आले होते.

आणि नेमकं त्याच क्षणी बाळ रडलं. अकरा दिवसांचं पोर, पण काय आवाज! बाहेर सगळं शांत झालं. मी तिचं तोंड छातीशी दाबलं, पण आता ऐकू गेलं ते गेलं. काकांनी ऐकलेली गोष्ट पंचनाम्यातून गाळली असं आजवर कधी झालं नव्हतं, मांजराचीसुद्धा नाही.

"पोर रडतंय जी," हिराबाई हळूच म्हणाल्या.

"ऐकू आलं मला," काका म्हणाले. पॅडचं पान उलटल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आवाज आला. "आतून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज आला. सदर इसम अज्ञान, म्हणजे वयात न आलेली असल्याने तिजवर बजावणी करता येत नाही. सबब कब्जा मिळू शकला नाही. वॉरंट बजावणीशिवाय परत." कागद फाडल्याचा आवाज. "सही करा."

"साइन किधर करायचा?"

"इथे."

कुलूप निघालं. दार उघडलं. काका उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते, त्या कुलपाला बाहीने पुसत. सुहासने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी हाताने त्याला थांबवलं.

"करार चार वाजता. भाडं तेच. लॅपटॉपवाल्याला सांगितलंय, चप्पल बाहेर काढून, हात धुऊन आत यायचं."

"आणि काका, पुढचं वॉरंट?" मी आतून विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

काकांनी पहिल्यांदाच माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघितलं. "त्याला वेळ लागेल," ते म्हणाले. "सदर इसम स्वतःच्या पायांनी हा उंबरा ओलांडून बाहेर येईल, त्या दिवशी बघू."

ते वळले आणि बूट न वाजवता जिना उतरून गेले. मी बाळाला घेऊन ढसाढसा रडले, सुहास भिंतीला टेकून उभा राहिला, हिराबाई नाकाला पदर लावून आपल्या दारात शिरल्या. आई मात्र अजून आतल्या खोलीच्या दाराआडच होती.

"गेलं का ते?" तिने विचारलं.

"गेले," मी म्हटलं. "आपण राहिलो."